वांगीवाल्यांची राखीव जागा

चुडामण आबांनी आधीच बजावून टाकलं, की ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, आणि जो मानेल त्याच्या अकलेची जबाबदारी त्यांच्यावर नाही. आबा मूळचे पिंपळनेरकडचे. म्हातारपणी लेकीकडे जळगावजवळ मेहरूणला राहायला आलेले. तिथल्या तलावावर बैलांना पाणी पाजायला गाडीवान थांबले, की आबांचं तोंड सुटायचं. त्या दिवशी भडगावचा हिलाल कापसाची गाडी रिकामी करून परतताना तिथे टेकला होता. इलाख्यात नव्या निवडणुकांचं वारं होतं. कोणाला जागा राखीव असाव्यात, कोणाला नसाव्यात, यावर दोघा गाडीवानांची जुंपली, तेव्हा आबा म्हणाले, की बहुमताचा आणि अल्पमताचा समतोल कसा साधतात ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पांझरेकाठच्या धोंडगव्हाणात. निंबा नावाच्या एका शेतकऱ्याच्या वांग्यांपायी.

आता धोंडगव्हाण हे पडलं फडाचं गाव. जळगावकडच्या लोकांना हे उलगडून सांगावं लागतं, कारण इकडे ज्याची विहीर त्याचं राज्य. तिकडे नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन मोठमोठ्या तुकड्यांत पाडलेली. त्या तुकड्याला फड म्हणायचं. एका फडात मालक पुष्कळ, पण पीक एकच. कारण पाणी सगळ्यांना एकदम सुटतं आणि उसाचं पाणी गव्हाला चालत नाही. कोणतं पीक घ्यायचं ते गाव देवळापुढे बसून हात वर करून ठरवतं. ही रीत इतकी जुनी, की आपण हात कशासाठी वर केला हे हात वर करणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज उरली नव्हती.

त्या माघात ऊस ठरला. सगळे हात वर गेले. निंबाचा खाली राहिला.

निंबाचं उसाशी वैर नव्हतं. त्याच्याजवळ आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं काटेरी हिरव्या वांग्याचं बी होतं. तूरकाठ्यांवर भाजलं, की त्या वांग्याचा वास पाटाच्या पलीकडे जायचा आणि लोक आपापल्या घरचं जेवण टाकून निंबाकडे काहीतरी विचारायला यायचे. भरीत खाताना धोंडगव्हाणात मतभेद नसे. पण वाळवून पोखरलेल्या दुधी भोपळ्यात भरून ठेवलेलं ते बी आता जुनं झालं होतं. यंदा पेरलं तरच उगवणार. आणि फडात ऊस म्हणजे आधी ऊस, मग तोडल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा त्याचा खोडवा. तोवर बियाची राख. निंबा गावच्या पाटलाकडे, रूपचंदनानांकडे, गेला.

“नाना, येक वाफा द्या. कडना. तठे उसले तसा बी उंदीर लागतस.”

नाना समजूतदार माणूस. त्यांनी निंबाला जवळ बसवलं. “निंबा, तुन्हावर जुलूम व्हयना का? नही ना? आपुन हात मोजात. तुन्हा हात वर ऱ्हाता, तं तो बी मोजाई जाता.”

निंबा घरी आला, भोपळा हलवून पाहिला. आत बी खुळखुळलं. त्याच्या बायकोने, शेवंताबाईने, चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे केली.

चैत्रात धुळ्याहून साहेब आले. ते समतोल कचेरीचे साहेब होते. ही कचेरी नवीनच निघाली होती आणि बहुसंख्याकांच्या सत्तेचा अल्पसंख्याकांच्या हितसंबंधांशी मेळ घालणं हे तिचं काम होतं. साहेबांनी घोडीवरून उतरून घाम पुसला आणि विचारलं, “या गावात अल्पसंख्याक कोण?”

गाव एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलं. सगळे एका भावकीचे, एका देवाचे, एका पाटाचे. नानांनी अदबीने कळवलं, की असं काही गावात नाही. सरकारला लागतच असेल तर पिंपळनेरच्या बाजारातून मागवून घेऊ.

साहेबांनी परिपत्रक काढून कलम वाचलं. ज्या गावी अल्पसंख्याक नाहीत, त्या गावी बहुसंख्याकही आहेत असं म्हणता येत नाही. कारण मग बहु कोणापेक्षा? आणि ज्या गावी बहुसंख्याक नाहीत, त्या गावचा बहुमताचा प्रत्येक ठराव आपोआप रद्द. म्हणजे माघातला उसाचा ठरावही रद्द. ऊस तोवर गुडघाभर झाला होता, पण कायद्याच्या दृष्टीने तो लावलेलाच नव्हता. नुसताच उगवला होता.

मग गाव अल्पसंख्याक शोधायला निघालं. बारीक माणसं पाहिली, तोतरी पाहिली, दोन लग्नं केलेला एक होता त्याला उभा करून पाहिला. साहेब मान हलवत राहिले. शेवटी रूपचंदनाना आपल्या पायांनी निंबाच्या अंगणात आले. नाना म्हणाले, की बाबा रे, गावासाठी एवढं कर, वांगी माग.

साहेबांनी निंबाला समोर उभं केलं. “तुमचा हितसंबंध?”

“वांगं,” निंबा म्हणाला.

“पोटभेद?”

“काटेरी.”

तसं लिहून घेतलं गेलं. निंबाला गावकमिटीवर राखीव जागा मिळाली, बसायला शाळेतली खुर्ची मिळाली, कडेचा वाफा मिळाला आणि वाफ्याला स्वतंत्र पाणी मिळालं. वर एक संरक्षक कलम मिळालं, की ज्या बाबीचा वांग्यांशी संबंध येतो ती वांग्यांच्या संमतीवाचून ठरू नये.

शेवंताबाईने खुर्ची उलटीपालटी करून पाहिली. “आपुन वाफा मांगा व्हता, साहेबनी खुर्ची बी दिन्ही. आते खुर्चीमा बी वांगा लावा.”

निंबा पहिले काही दिवस खुर्चीच्या कडेवर बसायचा. पण हळूहळू ध्यानात आलं, की जगात असं फार थोडं आहे ज्याचा वांग्यांशी संबंध येत नाही. पाण्याचा येतो. बंधाऱ्याचा येतो. शेळ्यांचा तर फारच येतो. पाट सोडायचा तर निंबाला विचारायचं. पाट झाकायचा तर निंबाला विचारायचं. पाटाचं पाणी सांभाळणारा पाटकरी रात्री घरी जातानासुद्धा विचारून जाऊ लागला. श्रावण उलटला तेव्हा चुलतभावाच्या पोरीच्या लग्नाची तारीख निघाली, आणि निंबाने खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून सांगितलं, की ही तारीख वांग्यांना मानवणार नाही. लग्न पुढे गेलं. त्या रात्री आपण हे का केलं याचा विचार करत तो बराच वेळ जागा होता, असं आबा सांगतात. सकाळपर्यंत मात्र कारण सापडलं होतं.

थंडीत वांगी आली. निंबाच्या अंगणात जाळ झाला. भरीत, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सगळं गाव जेवलं, आणि बोटं चाटता चाटता प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला, की हा निंबा गावात सगळ्यांत कमी, आणि चालतं सगळ्यांत जास्त त्याचं.

दुसऱ्या आठवड्यात समतोल कचेरीपुढे रांग लागली. आधी मिरचीवाले आले, मग लसूणवाले. मग ऊस लावणारे पण गूळ न खाणारे आले. पाटाच्या शेपटाला शेत असलेले आले. सख्ख्या भावाशी बोलणं बंद असलेले आले, तेव्हा साहेब जरा दचकले, कारण तो गट मोजला तर बहुसंख्याक भरत होता. पण त्यांनी कोणाचं कोणत्या भावाशी बोलणं बंद आहे यावरून त्याचे तुकडे पाडले आणि प्रश्न मिटवला. शेवंताबाईनेही अर्ज केला. वांगी निंबाची असतील, भाजते ती. तिलाही जागा मिळाली, आणि त्या दिवसापासून नवराबायकोचं बोलणं कमिटीमार्फत होऊ लागलं. परिपत्रकात जागांना वरची मर्यादा घातलेली नव्हती, त्यामुळे शेवटी माणसागणिक एक हितसंबंध झाला. ज्याने ते लिहिलं त्याने धोंडगव्हाण पाहिलेलं नव्हतं.

निवडणूक रीतसर झाली. प्रत्येक हितसंबंधाचं एक मडकं, मडक्यावर त्याचं चित्र, आणि ज्याने त्याने आपल्या मडक्यात मताचा खडा टाकायचा. ज्याने त्याने टाकला. प्रत्येक मडक्यातून एकेक खडा निघाला आणि प्रत्येक जण पूर्ण मताधिक्याने निवडून आला. हार घालायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून हारही ज्याचे त्याने घालून घेतले. पडले ते एकटे रूपचंदनाना. त्यांना बहुसंख्याकांच्या सर्वसाधारण जागेवरून बहुमताने निवडून यायचं होतं, आणि बहुमताला माणूसच शिल्लक राहिला नव्हता.

तरी बहुसंख्याकांची कर्तव्यं राहिलीच होती. पाटातला गाळ काढणं, बंधाऱ्याची डागडुजी, साहेबांच्या घोडीची वैरण. ती सगळी नानांकडे आली. नाना गळ्याइतक्या गाळात उभे राहून साहेबांना म्हणाले, की मी एकटा आहे, मलाही अल्पसंख्याक करा.

“आपण एकटे आहात हे कचेरीला मान्य आहे,” साहेब म्हणाले. “पण आपण बहुसंख्याक म्हणून एकटे आहात. तराजूला दुसरं पारडं नको का?”

फाल्गुनात ऊस तुटला. ठरावाप्रमाणे खोडवा ठेवायचा होता. पण आता प्रत्येकाला आपापल्या पिकाचा परवाना होता. खरं तर मिरचीवाल्याने मिरची लावायची, लसूणवाल्याने लसूण. मात्र नव्या पिकाच्या स्वतंत्र पाण्याला धुळ्याहून मंजुरी यायला वर्ष लागे, आणि वांग्याची मंजुरी आयतीच होती. तेव्हा गूळ न खाणाऱ्यांनी वांगी लावली, शेपटवाल्यांनी वांगी लावली, एकमेकांशी न बोलणाऱ्या भावांनी एकाच बांधाच्या दोन्ही अंगांना वांगी लावली. रोपं सगळी निंबाच्या वाफ्यातली; त्यांपायी त्याच्या भोपळ्यातलं बी संपलं. खोडवा ठेवला तो एकट्या रूपचंदनानांनी, कारण तो ठराव त्यांचाच होता.

उन्हाळ्यात साहेबांनी वर अहवाल धाडला, की धोंडगव्हाणात अल्पसंख्याकांची एकही तक्रार नाही, कारण जिच्याविरुद्ध करायची अशी बहुसंख्याही उरलेली नाही. समतोल पूर्णपणे साधला आहे. उत्तर आलं, की समतोल साधला असेल तर कचेरीचं प्रयोजन संपलं. कचेरी बंद झाली. राखीव जागा गेल्या, संरक्षक कलम गेलं, खुर्ची शाळेत परत गेली. साहेब नमुना म्हणून वांग्यांची गोणी घेऊन घोडीवर बसले. गाव पुन्हा देवळापुढे हात वर करू लागलं.

आणि मग पांझरा आटली.

बंधाऱ्यात पाणी उरलं ते एका पाळीचं. वांग्यांना सोडावं तर नानांचा खोडवा वाळतो. खोडव्याला सोडावं तर पाटाच्या शेवटी शेवटी असलेली वांगी जातात. त्या शेवटच्या वांग्यांतच निंबाचा कडेचा वाफा होता. बाकीच्यांनी वांगी कोवळी असताना खुडून बाजार केला होता. बियासाठी फळं झाडावर पिवळी होऊ दिली होती ती एकट्या निंबाने. आणखी एक पाणी मिळालं तर बी भरणार होतं. नाहीतर भोपळा रिकामा, आणि ते वांगं पांझरेच्या काठावरून कायमचं संपलं.

गाव जमलं. मधल्या वर्षाची सवय म्हणून निंबाला पुढे बसवलं. कोणी काही विचारण्याआधीच हात वर गेले होते. सगळे वांग्यांचे. मोजायचीही गरज नव्हती. रूपचंदनानांचा एकट्याचा हात मांडीवर होता. ते उठून निंबापाशी आले. वर्षभराच्या गाळाने त्यांचे पाय भेगाळले होते.

“निंबा,” ते म्हणाले, “येक पानी दे. फक्त येक.”

मागून कोणीतरी म्हणालं, की नानांवर जुलूम नाही, हात मोजलेत. लोक हसले. शेवंताबाई बायकांत बसली होती. ती हसली नाही, पण तिने हातही खाली घेतला नाही. निंबाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नानांच्या पायांकडे पाहिलं. सगळं गाव त्याच्या पाठीशी, कायदा त्याच्या पाठीशी, बियाचा भोपळा घरात रिकामा. नाही म्हणायलाही नको होतं. नुसतं गप्प बसलं तरी भागत होतं.

इथे आबांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. मग सांगितलं, की निंबा उठला, त्याने फावडं खांद्यावर टाकलं, स्वतःच्या वाफ्याचं पाणी स्वतःच्या हातांनी माती लोटून अडवलं, आणि म्हणाला, पानी पहिले उसले. मन्हा वाफाले उरनं तं…

“थांबा, आबा,” हिलाल म्हणाला.

बैल जुंपता जुंपता तो वळला. बाकीचे गाडीवानही, मघाशी भांडलेले ते दोघेसुद्धा, माना डोलवू लागले होते, जणू सगळ्यांना एकाच दगडाची ठेच लागली होती.

“वांगावाला मानात, मडकं मानं, तो साहेब बी मानी लिधा. पन हाई खोटं शे. बठ्ठा गाव आपला मांगे शे, आनि मानूस दुसराले पानी सोडस? माले नका सांगा, आबा. आमना गावमा मी बी बहुमतमाच शे.”