कोच म्हणतो, जाऊ दे

"अडव बे, राम! अडव!"

मोताळ्याच्या कॉलेजच्या हॉकी मैदानालगतच्या बुटक्या भिंतीवरून उद्धव गुरुजी जीव खाऊन ओरडले. गोलकीपर रामनं झेप घेतली. बॉल त्याच्या पॅडला लागून उडाला तो नेमका समोरच्या टीमच्या पोराच्या पुढ्यात, आणि त्यानं तो निवांत गोलात ढकलला. आणखी एक हार. गुरुजी भिंतीवरून उतरले ते मयतीला जाऊन आल्यासारखे.

"सांग, यात रामची काय चूक?" घरी येताच त्यांनी शैलजाबाईंना विचारलं. "पोरगं जिवाची पर्वा न करता बॉल अडवते. अन् तो शेखर सर, कोच म्हणे! लांबून बॉल आला का वरडते, 'जाऊ दे रे, जाऊ दे!' असा कोच असते कुठं?"

"मंग तुमीबी जाऊ द्या ना."

"हाव, तूबी त्याच्याच पार्टीची!"

गुरुजींचा उभा जन्म पोरांना शिकवण्यात गेला होता. पाढा चुकला की पुन्हा, पुन्हा चुकला की परत पहिल्यापासून. पण 'जाऊ दे' म्हणून त्यांनी एकाही पोराला सोडलं नव्हतं. राम चौथीत त्यांच्याच वर्गात होता. त्यामुळे सरांच्या 'जाऊ दे'वर गुरुजींकडे एकच उतारा होता, सरांपेक्षा मोठ्यानं ओरडणं. सरांनी आवाज चढवला की गुरुजी त्याहून वर चढवत. टीम मात्र खालीच चालली होती. शेवटी प्राचार्यांनी सांगून टाकलं, "आता सोनाळ्याच्या टीमशी हरलात तर हॉकी बंद. मैदानावर गाड्या लावू."

त्या धास्तीनं गुरुजी आदल्या संध्याकाळी सरावालाच जाऊन बसले आणि इतके ओरडले, की सकाळी चहा मागायला तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली.

"देवानंच ऐकलं म्हणा," शैलजाबाई म्हणाल्या. "माह्यं नाही, त्या सराचं."

मॅच संपत आली तरी दोन्हीकडे गोल नव्हता. तेवढ्यात सोनाळ्याच्या एका दांडग्या पोरानं गोलासमोरच्या अर्धगोल रेषेच्या बऱ्याच बाहेरून बॉल हाणला. बॉल सणसणत निघाला.

"जाऊ दे, राम!" सर ओरडले.

गुरुजींनी दोन्ही हात वर करून तोंड उघडलं. फुस्स!

राम शहाण्यासारखा बाजूला झाला. बॉल जाळीत. गुरुजींनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. टोपीच्या आतसुद्धा त्यांना मैदानभर उभ्या गाड्या दिसू लागल्या.

शिट्टी वाजली. "गोल नाही!" पंच म्हणाले.

मॅच बरोबरीत सुटली. हॉकी निदान रविवारच्या पुढच्या मॅचपर्यंत तरी वाचली. राम हसत भिंतीपाशी आला. गुरुजींनी हातानंच विचारलं, हे कसं काय?

"रेघंच्या बाहेरून मारलेला बॉल सरळ गोलात गेला तं तो गोल नसते, गुरुजी. अडवला का मंग घोळ होते. तो उडून त्याहीच्याच पोट्ट्यापाशी जाते, अन् तो आतून मारते. सर वर्षभर तेच सांगून राह्यले."

"मंग ऐकलं काऊन नाही बे?" गुरुजी कसेबसे कुजबुजले.

रामनं मान खाली घातली. "तुमचा आवाज आला का मले चौथीतच बसल्यावानी वाटते. हात आपोआप पुढं जातेत."

गुरुजींना वर्षभरातला एकेक गोल आठवू लागला. मागून शेखर सर आले. "घसा कसा हाय, गुरुजी?" त्यांनी फार काळजीनं विचारलं. "आराम करा. बरं व्हाची घाई नका करू."

घरी शैलजाबाईंनी गरम हळदीचं दूध पुढं केलं. "प्या. रविवारपर्यंत आवाज मोकळा होईन."

गुरुजींनी कप हातात घेतला. मग त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"जाऊ दे," ते पुटपुटले. "फ्रिजातलं ताक दे. आंबट असंन ते."