सहा लिटरचं यकृत

मास्तरांचं पोट दुखत होतं म्हणून काढलेल्या स्कॅनची फिल्म संध्याकाळी हातात पडली. रिपोर्ट मात्र उद्या, असं दवाखान्यातून सांगण्यात आलं. दुसरा कुणी असता तर फिल्म कपाटावर टाकून जेवायला बसला असता. पण मास्तर कॉलेजात कॅल्क्युलस शिकवत. फिल्मवर यकृताचे काप ओळीनं छापलेले, शेजारी मोजपट्टीही. एकेका छेदाचं क्षेत्रफळ काढायचं, त्याला कापाच्या जाडीनं गुणायचं, बेरीज करायची, की झालं घनफळ! जन्मभर काल्पनिक वस्तूंचे काप करणाऱ्या माणसापुढे देवानं त्याचंच यकृत कापून ठेवलं, तर तो गप्प कसा बसेल?

प्रत्येक काप गोल धरून मास्तरांनी हिशेब मांडला. उत्तर आलं सहा लिटर. निरोगी माणसाचं दीडच्या आसपास असतं, हे शोधून कळल्यावर पेन हातातून गळालं.

"अगं," स्वयंपाकघराच्या दाराला धरून ते म्हणाले, "माझं यकृत चौपट झालंय."

"कोण म्हणालं?"

"इंटिग्रेशन."

बाईंनी गॅस बारीक केला, फळीवरचा कुकर काढला आणि नवऱ्याच्या पोटाला लावून पाहिला. "हा पाच लिटरचा. याहून मोठं आत असेल, तर जेवण कुठे ठेवता हो तुम्ही?"

"थट्टा करू नकोस. बाकीचे अवयव चेंगरलेत म्हणूनच दुखतंय."

भीतीला पुरावा लागत नाही, नुसती जागा लागते. आणि मास्तरांच्या पोटात जागा ऐसपैस होती. उजवीकडे दुखायचं ते डावीकडेही दुखू लागलं. वाकणं बंद झालं. काठोकाठ भरलेली बादली न्यावी तसे ते पोट दोन्ही हातांनी सांभाळत घरभर फिरू लागले. शिंक आली, तीही नाक दाबून परत पाठवली. न जाणो, आत काही फुटलं तर? शेवटी थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, लहानपणी तुझं ऐकलं नाही गं मी. माफ कर."

ताई म्हणाली, "बायकोला दे फोन." आणि बाईंना हळूच म्हणाली, "हा माफी मागतोय? अगं, खरंच काहीतरी गंभीर आहे!"

आता बाईंचंही धाबं दणाणलं. कुकर फळीवर गेला, पण त्याच्याकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

सकाळी दोघंही दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट चाळला. "गॅस झालाय, सर. बाकी सगळं ठणठणीत."

"आणि यकृत?" मास्तरांनी हिशेबाचा कागद पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी तो वाचला. "ही लांबी कुठून कुठे मोजलीत?"

"या कडेपासून त्या कडेपर्यंत."

"मग तो व्यास झाला, सर. तुम्ही सूत्रात त्रिज्या म्हणून घातलाय. दुपटीचा वर्ग चौपट; चारनं भागा."

भागलं. दीड लिटर! वर्षानुवर्षं फळ्यावर त्रिज्याच लिहिणाऱ्या हाताला, समोर येईल ती लांबी त्रिज्याच वाटत होती.

"जिवावरचं टळलं बाई!" बाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर कालच्यापेक्षा पांढरे पडले होते.

"आता काय झालं?"

"परीक्षेत मी अर्धवर्तुळाकार छेदांचं गणित घातलं होतं," मास्तर पुटपुटले. "अख्ख्या वर्गाचं उत्तर माझ्या उत्तराच्या बरोबर पाव पट आलं. मला वाटलं, सगळ्यांनी मिळून कॉपी केली."

"मग?"

"सगळ्यांना शून्य दिलं. वर तक्रार केली. आज दुपारी चौकशी आहे, पालकांसमोर."

"अगंबाई! म्हणजे प्राचार्यांची मुलगीसुद्धा..."

"पहिल्या बाकावर बसते ती."

मास्तरांनी फिल्म उचलून उजेडाकडे धरली, खुर्ची पुढे ओढली आणि अगदी काकुळतीनं म्हणाले, "डॉक्टर, पुन्हा एकदा नीट बघा ना. थोडं तरी वाढलं असेल हो!"