मान्यताप्राप्त लाल

पत्रा लाटणारं यंत्र तात्काळ थांबवण्याच्या प्लास्टिकच्या बटणाला कोणता लाल द्यावा, हे ठरवण्यासाठी कंपनीने रंगनिवड समिती नेमली. समितीत खरेदीप्रमुख होते, जाहिरातवाल्या बाई होत्या, मालकांचे जावई होते. प्लास्टिक वितळताना आयुष्यात एकदा तरी पाहिलेला माणूस त्यात एकच. त्याला सगळे रंगसाहेब म्हणत. त्याची विभागप्रमुखाची बढती याच मंडळींच्या मर्जीवर लोंबकळत होती.

बैठक गारेगार खोलीत झाली. टेबलावर रंगीत कार्डं पसरली होती. जाहिरातवाल्या बाईंनी एक उचलून गालाशी धरलं.

"हा घ्या. यात आत्मविश्वास आहे."

"स्वस्तही आहे," खरेदीप्रमुख म्हणाले. आत्मविश्वास आणि स्वस्ताई रंगाच्या एकाच भुकटीत मिळाल्याने समितीला गहिवरून आलं.

रंगसाहेब खाकरले. "ही भुकटी बादल्या-मगांना ठीक आहे. आपलं बटण काचतंतू घातलेल्या नायलॉनचं. ते बटणं ओतायच्या यंत्राच्या नळीत तीनशे अंशांच्या घरात वितळतं. तिथे हा लाल जळून तपकिरी होणार. उष्णता सोसणारी भुकटी महाग पडते, पण..."

"इथे तर मस्त टिकलाय की!" जावयांनी कार्ड एसीपुढे धरून दाखवलं.

रंगसाहेबांना बढती आठवली. पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

पहिली बटणं निघाली ती करपलेल्या पावाच्या कडेसारखी. त्यात ग्रीसचे डाग दिसू नयेत म्हणून कारखान्यातली सगळी यंत्रं आधीच तपकिरी रंगवलेली. बटण बसवलं की शोधायला हात फिरवावा लागे.

समितीने उष्णता कमी करण्याचा हुकूम काढला. नायलॉन वितळेना, नळी तुंबली, साच्यातून अर्धीमुर्धी बटणं बाहेर पडली. अहवालात नोंद झाली : 'नायलॉनने अपेक्षित सहकार्य केले नाही.'

मग जावयांना युक्ती सुचली. माल नमुन्याशी जुळला पाहिजे, एवढाच नियम आहे ना? मग नमुना बदला! एक करपलं बटण मखमली डबीत ठेवून त्यावर 'प्रमाणित लाल' अशी पट्टी चिकटवली. त्या दिवसापासून एकही बटण नापास झालं नाही. नापास झाल्या त्या आग विझवायच्या लाल बादल्या. त्या प्रमाणित लालाशी जुळेनात, म्हणून त्यांनाही तपकिरी रंग फासला.

तरी काही कामगार "हा कसला लाल?" म्हणून कुजबुजत होते. कंपनीला त्यांच्या डोळ्यांची काळजी वाटू लागली. ज्याला बटण तपकिरी दिसेल त्याने डोळे सुधारेपर्यंत बिनपगारी घरी बसावं, असं ठरलं. आठवडा उलटायच्या आत सबंध कारखान्याची नजर सुधारली.

"माझ्या भावाच्या यंत्रावर बसणार ना ते बटण?" रंगसाहेबांच्या बायकोने घरी विचारलं.

"हो."

"मग बोला की तिथे!"

"बोललो ना."

"काय बोललात?"

"'पण' म्हणालो."

बायकोने कपाळावर हात मारला. "धन्य तुमची! जीभ काय बढतीच्या खुंटीला टांगून ठेवली आहे?"

दुसऱ्या दिवशी मेहुण्यानेच त्यांना यंत्रापाशी गाठलं. "दाजी, खरं सांगा. तुम्हाला कसला दिसतो?"

रंगसाहेबांनी मागे पाहिलं. जावई उभे होते.

"लाल."

"मग करा बटण पास केल्याची सही. पण तुमच्या सहीखाली माझा हात आहे, एवढं ध्यानात असू द्या."

सही झाली. बढतीही झाली. नवे विभागप्रमुख पहिल्या फेरीला निघाले आणि मेहुण्यापाशी अभिनंदन घ्यायला थांबले, तेवढ्यात त्याच्या हातमोज्याचं टोक पत्रा लाटणाऱ्या रुळांत सापडलं.

"दाजी, बटण! लाल बटण दाबा!"

बटण हाताच्या अंतरावर होतं. रंगसाहेबांनी जीव तोडून लाल शोधला. वर पाहिलं, खाली पाहिलं, पत्र्यावर पाहिलं. अखेर लाल दिसला, पण तो मेहुण्याच्या हातातून वाहत होता. तो मात्र अस्सल होता, कुठल्याही उष्णतेला टिकणारा.

चौकशी त्याच समितीने केली. बटण तपकिरी म्हणावं तर सही खोटी. लाल म्हणावं तर ते दिसलं कसं नाही? रंगसाहेब घामाघूम झाले. समितीनेच त्यांना सोडवलं. जखमी कामगाराने नुसतं 'बटण' न म्हणता 'लाल बटण' असं ओरडून मदतीला आलेल्या अधिकाऱ्याची दिशाभूल केली, असा निष्कर्ष निघाला. साक्षीला अख्खा कारखाना बोलावला. बटण कोणत्या रंगाचं, या प्रश्नाला एकजात सगळ्यांनी "लाल" असं उत्तर दिलं. मेहुण्याने उरलेल्या बोटांनी सही केली.

तुम्हाला राग आला असेल. उत्तम. उद्या कामावर जाल तेव्हा तिथली मखमली डबी उघडून पाहा आणि आत काय दिसतं ते चारचौघांत मोठ्याने सांगा. नाही जमणार? राहू द्या. तुमची नजर चांगली आहे, असा दाखला कंपनी देईल.