स्वर्गाच्या दाराचं कुलूप

"पुस्तकाचं परीक्षण म्हणजे काय मोठं हो! कुलूपच ते. बलस्थानं सांगायची, उणिवा सांगायच्या, की उघडलं!"

उचलली जीभ लावली टाळ्याला! किल्लीमास्तर हे ग्रंथपालबाईंसमोर बोलून गेले आणि तिथेच फसले. बाई वाचनालयाच्या कपाटाची किल्ली करून घ्यायला दुकानात आल्या होत्या. एका नव्या कादंबरीवर रविवारी ठेवलेल्या चर्चेचा वक्ता आयत्या वेळी घसा धरून बसला होता, आणि लेखिका तर स्वतः येणार होती. बाईंनी मास्तरांचं वाक्य वरच्यावर झेललं.

"मग तुम्हीच बोला!"

मास्तर कशाला नाही म्हणतील? ती कादंबरी त्यांना जवळजवळ पाठ होती. मास्तरांनी किल्लीवर कानस चालवायची आणि बायकोनं शेजारी स्टुलावर बसून मोठ्यानं वाचायचं, हा त्या दुकानाचा जुना शिरस्ता. त्यात ही परलोकातली प्रेमकथा! नायिका ऐन तारुण्यात मरते आणि वर जाऊन नवऱ्याची वाट बघते. ऐकता ऐकता मास्तरांनी बोटही कापून घेतलं होतं.

बायकोचा चेहरा मात्र उतरला. "अहो, नका ना जाऊ! निदान एकदा स्वतः वाचून तरी जा."

"अगं, तू वाचलंस, मी ऐकलं. माझे कान काय गहाण पडलेत?"

"तसं नाही हो, पण..."

"पण नाही नि बिण नाही! तू पुढच्या रांगेत बस आणि नवऱ्याची कमाल बघ."

रविवारी सभागृह गच्च भरलं. कडक इस्त्रीच्या सदऱ्यात मास्तर उभे राहिले, खाकरले.

"सगळ्यात मोठं बलस्थान म्हणजे शेवट! नायिका स्वर्गाच्या दाराशी वर्षानुवर्षं थांबते. देव म्हणतात, अगं आत ये, आत सगळं सुख आहे. ती म्हणते, 'नको, आमच्या ह्यांना एकट्यानं जेवायची सवय नाही!' बायकोनं हे वाचून दाखवलं आणि आपण तर रडलो बुवा."

कुजबुज सुरू झाली. लेखिकेनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अहो, असं काही नाहीये त्यात! ती नवऱ्याला विसरते. तारे पुसणाऱ्या एका तरुणाच्या प्रेमात पडते आणि त्याच्याबरोबर निघून जाते."

"छे, भलतंच!" मास्तर कडाडले. "बाई, तुम्ही स्वतःचं पुस्तक नीट वाचलेलं दिसत नाही!"

हशा पिकला. पुढच्या रांगेत बायकोनं तोंडासमोर पुस्तक धरलं, तेही उलटं!

मास्तरांना चेव चढला. "आता उणीव. तो नवरा! बायको जीव तोडून बोलतेय, ह्याचं आपलं 'हं'. ती तापानं फणफणलीय, तरी 'हं'! आणि कहर ऐका. हा एकदाचा वर पोचतो. समोर बायको उभी. आणि हा गधडा आधी बघतो काय? स्वर्गाच्या दाराचं कुलूप! म्हणतो, 'हे कुणी बसवलंय? स्क्रू सगळे ढिले!' अहो, असा माणूस असतो का कुठे?"

सगळ्या माना मास्तरांकडून बायकोकडे वळल्या आणि परत मास्तरांकडे आल्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "असतो की!"

आत्ता कुठे मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. ते मटकन खुर्चीत बसले. लेखिका उठली, ती थेट बायकोजवळ गेली.

"तुमचा शेवट माझ्यापेक्षा बरा आहे हो. छापायच्या आधी का नाही भेटलात?"

लोक पांगल्यावर दोघं बाहेर पडली. मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "का केलंस गं असं?"

"ती त्याला विसरते, तिथपर्यंत आले आणि बघते तर तुम्ही कानस खाली ठेवून ऐकत होतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मग मला पुढचं वाचवेना. मनानंच सांगत गेले."

"आणि तो गधडा?"

"तो नाही रचावा लागला!"

मास्तर दाराशीच थबकले. "खरंच थांबशील माझ्यासाठी?"

"थांबेन हो. दुसरं करणार काय?" बायको पायऱ्या उतरत म्हणाली. "पण वर आलात की आधी माझ्याकडे बघायचं. कबूल?"

"हं."

आवाज बराच मागून आला. तिनं वळून पाहिलं. मास्तर सभागृहाच्या दाराशी उकिडवे बसले होते, एक डोळा मिटून आणि दुसरा किल्लीच्या भोकाला लावून.

"अगं, हे कुणी बसवलंय? स्क्रू सगळे ढिले!"

बायकोनं कपाळावर हात मारला, पायरीवरची धूळ फुंकली आणि वाट बघत बसली.