नळीतली सोयरीक

सुनेचा चष्मा घरी राहिला म्हणून सासूबाई तो घेऊन तिच्या प्रयोगशाळेत गेल्या, हे बरंच झालं. सून जागेवर नव्हती, तिथे घात झाला. टेबलावर बोटभर उंचीच्या आठ नळ्या, झाकणांवर काळं गिचमिड. रिकामे हात सासूबाईंना कधी शोभलेच नाहीत. शेजारच्या बाटलीतलं स्पिरिट रुमालावर घेऊन त्यांनी झाकणं लख्ख केली. उघडून आतूनसुद्धा.

सून आली आणि मटकन बसली. ते गिचमिड म्हणजे नावं होती: मासा, बेडूक, पाल, कासव, कोंबडी, उंदीर, मेंढी, गाय. एकच हार्मोन या सगळ्यांच्या अंगात. माशाचं मीठपाणी तो सांभाळतो, कोंबडीला अंड्यांवर बसवतो, गाईला पान्हा फोडतो. पिढ्यान्‌पिढ्या तो कसा बदलत गेला, यावर तिचा पाच वर्षांचा प्रबंध. शुक्रवारी द्यायचा, आणि आज सोमवार.

चुकलं म्हणायची सासूबाईंच्या जिभेला सवय नव्हती. हार्मोनचं सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "बदलला तरी घराण्याचा तोंडवळा राहतोच ना? भरल्या मांडवात मी नाकावरून सांगते कोण कुणाचं. तुझ्या मशीनला एवढं जमत नाही?"

सुनेने नाक पुसलं. जमत होतं. प्रत्येक नळीतल्या हार्मोनच्या जनुकाची अक्षरं वाचायची, जुळतील ते जवळचे. तीन दिवस ती हटली नाही. सासूबाई शेजारी स्टुलावर, हात मांडीखाली दाबून; तशी अटच होती. गाय आणि मेंढी बहिणी निघाल्या, कासव कोंबडीच्या भावकीत गेलं. सात नळ्यांची ओळख पटली. आठवीत मासा हवा होता. निघाला माणूस.

प्रबंधाचे मार्गदर्शक सर आले आणि चक्रावले. मग त्यांची नजर स्टुलाकडे वळली. हातमोज्यांशिवाय झाकण पुसलं की बोटांवरचं आत पडतं, असं त्यांनी जपून सांगितलं.

"म्हणजे आमच्या घराण्यापुढे मासा टिकला नाही," सासूबाई म्हणाल्या.

बर्फातला माशाचा उरलेला तुकडा काढून सुनेने मुळापासून सुरुवात केली. शुक्रवारी दुपारी मासा आपल्या जागी बसला. सही करताना सर म्हणाले, वंशावळीच्या तक्त्यात माणूस नव्हताच. आजींची लेखी परवानगी असेल तर राहू दे. सासूबाईंनी एकेक अक्षर कोरून सही दिली. सून तक्त्यात 'माणूस' लिहू लागली.

"गर्दीत नको ढकलूस मला. सासू लिही."

"मग वेगळी प्रजाती धरावी लागेल, आई," सून मान खाली घालून म्हणाली.

"धर. पण मेंढीच्या वर."