वास सांगा, वहिनी

पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा शालन काळेलनं माझ्या आमटीला वारा घातला. वाटी नाकाशी नेली नाही की वाटीवर वाकली नाही. एका हातात वाटी लांब धरली आणि दुसऱ्या हाताच्या पंजानं वाफ हळूहळू स्वतःकडं लोटली. मग डोळे मिटून म्हणाली, "वहिनी, सांगा की, कसला कसला वास येतोय?"

मी कांदा-लसूण मसाला करून विकणारी बाई. निम्म्या इस्लामपुरात माझी चटणी जाते. पण माझी परीक्षा घ्यायची हिंमत आजवर कुणाची झाली नव्हती. आमचे हे मात्र कौतुकानं म्हणाले, "अगं, लॅबमध्ये असाच वास घ्यायचा असतो. बाटलीत नाक घातलं तर जळून जाईल."

म्हणजे माझी आमटी आणि ॲसिड एका फळीवरचं.

शालन आणि हे एकाच लॅबमध्ये कामाला. गावाबाहेरची छोटी खासगी लॅब. गूळ, मळी, विहिरीचं पाणी, काय न्याल ते तपासून देतात. शालन म्हसवडकडची. मेंढरं राखणाऱ्या घरातली पहिली एमएस्सी. चाळिशी उलटली तरी लग्न केलेलं नाही, इथं एका खोलीत भाड्यानं राहते आणि दर रविवारी आमच्याकडे जेवते. हे आमंत्रण मी दिलेलं नाही, एवढं इथं नोंदवून ठेवते.

तिच्या तऱ्हा किती सांगाव्यात? चहा ओतताना खाली वाकून, कप डोळ्यांच्या रेषेत आणून बघणार. माझ्या मिठाच्या बरणीवर तिनं चिठ्ठी चिकटवली: 'मीठ' आणि खाली उघडल्याची तारीख. मी म्हटलं, "मॅडम, मीठ आहे हे मला चाखल्यावर कळतं." तर घाबरून म्हणाली, "आवं, चाखायचं न्हाई! चाखून बघणारी माणसं आमच्यात म्हातारी होत न्हाईत."

हे पोट धरून हसले. माझ्या बोलण्यावर हे शेवटचं कधी हसले होते ते आठवून बघितलं. आठवलं नाही.

एकदा लिंबाच्या सरबतात माझ्याकडून साखर जास्त पडली. कितीही ढवळली तरी तळाशी राहिली. शालननं ग्लास उजेडात धरला. "वहिनी, ही साखर गप बसलीय असं वाटतंय का न्हाई? लबाड हाय. जितकी इरघळतीय, तितकीच माघारी येतीय. पुढं बी चालू, मागं बी चालू. आपल्याला वाटतंय थांबलंय."

हे तिचं आवडतं वाक्य. एसटी स्टँडवरची गर्दी, माझी आणि ह्यांची भांडणं, म्हसवडचं पाऊसपाणी, सगळ्याला तेच. पुढं बी चालू, मागं बी चालू. ह्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भाव यायचा, तो आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा सापडत नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सरबतात साखर जास्त घातली आणि तेच सगळं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "फार गोड झालंय."

मला तिचा हेवा वाटायचा. हेवा हा सभ्य शब्द झाला. मी जळायचे. दर रविवारी ती वाटीवर हात हलवायची, डोळे मिटायची आणि विचारायची, "सांगा की." मीही हट्टाला पेटून सांगायचे. शेंगदाण्याचं कूट खरपूस आहे, त्याच्या मागून लसूण येतोय, खोबरं जरा जास्त भाजलं गेलंय. ती परीक्षकासारखी ऐकत राहायची. मार्क कधी सांगितले नाहीत.

मग एक दिवस हे डबा विसरले म्हणून मी लॅबमध्ये गेले. दोघं काचेच्या एका चंबूवर डोक्याला डोकं लावून उभे. ती कुजबुजत होती, "आला का?"

"आला," हे म्हणाले. "मंद आहे, पण आला."

तिनं छातीवर हात ठेवून सुस्कारा सोडला. मला बघितलं आणि दोघं चटकन लांब झाले. मी डबा टेबलावर आपटला आणि घरी येऊन दोन किलो मिरच्या कुटल्या. "काय चाललं होतं?" असं संध्याकाळी विचारलं, तर हे म्हणाले, "कामातलं आहे, तुला नाही कळायचं." तेव्हापासून आमच्या घरात बोलणं फक्त भाजीपुरतं उरलं.

पुढं तिची आई वारली. ती म्हसवडला गेली, दिवसकार्य करून परत आली. त्यानंतरच्या रविवारी हे साताऱ्याला गेले असताना नेमकी दारात उभी. काखेत एक घोंगडं.

"सर नाहीत," मी दारातच म्हणाले.

"ठाव हाय. तुमच्याकडंच आलीय." आत येऊन तिनं घोंगडं माझ्या मांडीवर ठेवलं. "आईचं हाय. ह्येचा वास सांगा, वहिनी."

"तुम्हीच घ्या की. तुम्ही तर शिकलेल्या."

"मला वास येत न्हाई," ती म्हणाली. "कोरोनात गेला, त्यो माघारी आलाच न्हाई. रोज हात हलवून बघती, कवातरी येईल म्हणून. एकट्या सरांना सांगितलंय. गुळात ॲसिड टाकल्यावर गंधकाचा वास येतोय का, ते त्येच बघून सांगत्यात. मालकाला कळलं, तर बिननाकाची केमिस्ट कोण ठिवून घेतंय?"

तरी माझ्या तोंडातून निघालंच, "मग हेसुद्धा ह्यांनाच विचारायचं."

"इचारलं. म्हणले, लोकर आणि डिटर्जंट." ती कसनुशी हसली. "आवं, सरांचं नाक निस्ती नावं सांगतंय. वास तुमी सांगता. तुमी आमटी सांगायला लागला की मला जेवल्यागत वाटतंय."

मी घोंगड्यात नाक खुपसलं. साबणाच्या पावडरीचा लिंबाचा वास. दुसरं काही नाही. खोटं बोलावंसं वाटलं, पण तिनं माझ्या चेहऱ्यावर डोळे रोखले होते.

"धुतलंय," मी म्हणाले.

"भावजयीनं धुतलं असंल. चांगल्या मनानंच धुतलं असंल." तिनं घोंगड्यावरून हात फिरवला. मग एकदम ताठ झाली. "थांबा. लोकर हाय ही. लोकर वास धरून ठिवती, सजासजी सोडत न्हाई. पाणी आत शिरलं की त्याला जागा सोडाय लागती. कोमट पाणी द्या. चमचा द्या, लहान."

तशा अवस्थेतही तिनं चमचा डोळ्यांसमोर धरून काठोकाठ भरला. घोंगड्याच्या एका कोपऱ्यावर थेंब थेंब पाणी सोडलं, कोपरा तळव्यानं दाबला आणि म्हणाली, "आता."

आता आला. आधी मेंढराचा, ओल्या लोकरीचा. मग चुलीचा धूर, जुना, आतपर्यंत मुरलेला. मागून वाळल्या गवताचा आणि डोक्याला लावायच्या तेलाचा. मी सांगत गेले आणि ती पोरीसारखी मान हलवत ऐकत होती.

"आईच हाय का?" तिनं विचारलं.

मी तिच्या आईला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्या वासात मेंढरू कुठं संपतं आणि आई कुठं सुरू होते, हे मला कसं कळणार?

"व्हय," मी म्हणाले. "आईच हाय."

शालननं तो ओला कोपरा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडावर दाबून धरला.