कांद्याचे निलंबन आणि पुढील कार्यवाही

चौकशी अधिकाऱ्यांचं पोट गुरगुरतं, ही बाब कार्यालयात सर्वांना ठाऊक होती. पण ती लेखी स्वरूपात कोणीच वर कळवली नव्हती, त्यामुळे नियमानुसार ते पोट गुरगुरत नव्हतं. हे अधिकारी म्हणजे खुलासेसाहेब. खरं नाव काही का असेना, समोर येईल त्याच्याकडे खुलासा मागायच्या सवयीमुळे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. निलंबित कर्मचाऱ्यांच्या चौकशा करणं हे त्यांचं काम, आणि त्या कामात त्यांचा एक विक्रम होता. त्यांच्या टेबलावरून गेलेला एकही माणूस सेवेत परत आला नव्हता. “निलंबित माणूस परत घेतला,” ते म्हणत, “की त्याला निलंबित करणारा चुकला, असा अर्थ होतो. आणि निलंबित करणारा नेहमी आपल्याच खात्यातला असतो.”

एके दिवशी भांडारपालाच्या चौकशीत मात्र पोटाने हद्द केली. भांडारातून दोन पंखे गायब झाल्याचा बिचाऱ्यावर आरोप. तो रडवेल्या आवाजात घरातल्या उपासमारीबद्दल आणि मुलीच्या शिक्षणाबद्दल सांगत होता आणि नेमक्या त्याच क्षणी साहेबांच्या पोटातून असा काही आवाज निघाला की भांडारपाल रडायचा थांबला. लघुलेखक कर्तव्यदक्ष माणूस. त्याने नोंद केली, “चौकशी अधिकाऱ्यांनी असहमती दर्शवली.” त्या नोंदीच्या आधारे भांडारपाल बडतर्फ झाला. साहेबांना मात्र चारचौघांत फार ओशाळल्यासारखं झालं आणि संध्याकाळी ते आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले.

बाई हसतमुख होत्या. “अजिबात घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “तीन टप्पे आहेत. आधी संशय येईल ते सगळे पदार्थ बंद. मग पोटाला थोडी विश्रांती. आणि मग एकेक पदार्थ थोडाथोडा परत आणायचा, पोट काय म्हणतं ते बघायचं. हा तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा बरं का! लोक पहिल्यातच अडकून बसतात.”

पहिला टप्पा ऐकताना साहेबांचा चेहरा असा खुलला की बाईंना वाटलं, औषध न देताच गुण आला. तिसरा टप्पा त्यांनी ऐकला, पण तो त्यांच्या डोक्यात शिरला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

घरी आल्या आल्या त्यांनी कारवाईला सुरुवात केली. दूध, गहू, अंडी, कांदा, लसूण, साखर, चहा, कॉफी, सगळ्या डाळी, सगळे तत्काळ प्रभावाने निलंबित.

साहेबांची बायको शाळेत भूगोल शिकवत असे. दिवसभर मुलांना वाळवंटं आणि महासागर समजावून ती घरी यायची, आणि रात्रीच्या जेवणाला नवऱ्यासमोर बसून शाळेतल्या गमती सांगायची. साहेब हूं हूं करायचे. दिवसातला तेवढाच काय तो संसार, आणि तेवढ्यावर ती खूश होती.

“अहो, कांद्याने काय घोडं मारलंय तुमचं?” तिने विचारलं.

“प्रथमदर्शनी संशय आहे.”

“आणि दूध? फेकून देऊ का मग?”

“फेकायचं नाही! निलंबनाच्या काळात मुख्यालय सोडता येत नाही. फ्रिजमध्येच राहू दे.”

उरला भात आणि उकडलेला भोपळा. बाकीचा स्वयंपाक बायकोने स्वतःपुरता करून पाहिला, तर साहेबांनी वासाला हरकत घेतली. साक्षीदारावर, म्हणजे पोटावर, दबाव येतो म्हणे. मग ती स्वयंपाकघराचं दार लावून ओट्यापाशी उभ्याने जेवू लागली. इकडे पोट मात्र खरंच शांत झालं. साहेब हिंडताफिरताना स्वतःच्याच पोटावरून हात फिरवत आणि “बघ, शिस्त!” असं म्हणत.

यथावकाश आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला. “छान! आता अंड्यापासून सुरुवात करा. अर्धं अंडं, सकाळी.”

“म्हणजे अंड्याची पुनःस्थापना?” साहेबांच्या अंगावर काटा आला. “आणि ते निर्दोष निघालं तर? इतके दिवस त्याला बाहेर ठेवलं, त्याची जबाबदारी कोणावर?”

“अहो, जबाबदारी कसली! आनंदाने खायचं.”

साहेबांनी फोन ठेवला. नैसर्गिक न्यायाचं तत्त्व पाळणं भागच होतं, म्हणून रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर अंड्याची सुनावणी ठेवली. बायकोला बचाव सहायक नेमलं. तिला आधी हसू आवरेना. पण नवऱ्याचा चेहरा पाहून ती गंभीर झाली आणि जीव तोडून बोलली. “तुम्ही खात्याच्या परीक्षेला बसला होतात तेव्हा रोज सकाळी हेच अंडं होतं. कधी तक्रार केलीत? आणि हे अंड्याचं राहू दे हो. मला एकटीला जेवण जात नाही. घास घशाखाली उतरत नाही माझा. निदान अंड्याच्या निमित्ताने तरी समोर बसा.”

“हा भावनिक मुद्दा झाला,” साहेब म्हणाले. “अंड्याला स्वतःला काही सांगायचंय का?”

अंडं गप्प राहिलं. आरोप मूकपणे मान्य केल्याचं साहेबांनी जाहीर केलं. दुधाचा निकाल तर त्याहून सोपा होता. ते फ्रिजमध्ये नासलं होतं. “बघ, निलंबनाच्या काळातही वर्तन सुधारलं नाही,” ते म्हणाले, आणि बायकोने पातेलं मोरीत ओतलं.

अशा रीतीने कोणीच परत आलं नाही. आणि नुसत्या भात-भोपळ्यावर किती दिवस माणूस तग धरणार? पोट पुन्हा गुरगुरू लागलं. सगळे संशयित आत असताना गुन्हा घडतो, म्हणजे गुन्हेगार मोकळाच आहे! साहेबांनी भात काढला. पोट जास्त गुरगुरलं. भोपळा काढला. आता तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनी मिक्सर बंद करायची विनंती केली.

आहारतज्ज्ञ बाई स्वतः घरी धावत आल्या. “अहो, ही भूक आहे भूक! पोटात कावळे ओरडताहेत तुमच्या!”

“भूक,” साहेब क्षीण पण ठाम आवाजात म्हणाले, “हे कारण माझ्यासमोर प्रत्येक आरोपी देतो. भांडारपालानेही दिलं होतं.”

बाईंची सेवा तिथेच समाप्त झाली. जाताना त्या बायकोचा हात दाबून गेल्या.

मग साहेबांनी पदार्थांच्या पलीकडे नजर वळवली. जेवणाचं टेबल हलवलं. घड्याळ उतरवलं. वर्तमानपत्र बंद केलं. पोट थांबेना. अखेर त्यांनी सगळ्या घटना एकत्र मांडून पाहिल्या आणि त्यांना घाम फुटला. प्रत्येक वेळी पोट गुरगुरलं ते “अहो, काहीतरी खाऊन घ्या ना,” अशी हाक आल्यावर. दूध नासलं, टेबल हललं, आहारतज्ज्ञ गेल्या. प्रत्येक घटनेला हजर असलेली व्यक्ती एकच होती.

“माझी व्यक्तिगत काही तक्रार नाही,” ते बायकोला म्हणाले. “चौकशी होईपर्यंत फक्त.”

इतक्या वर्षांच्या संसारात तिने या माणसाचे नाना छंद पोटात घातले होते, पण हे तिला लागलं. तिचे डोळे भरून आले. मग तिने फ्रिज उघडला, अंडी, लोणी, कांदे, जे जे निलंबित होतं ते पिशवीत भरलं आणि धाकट्या बहिणीकडे निघून गेली. “आम्ही निलंबित सगळे एकत्रच राहतो,” असं दारातून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब कार्यालयाच्या जिन्यात चक्कर येऊन बसले. कँटीनवाल्याने त्यांना उचलून नेलं आणि पुढ्यात लोण्याचा टोस्ट, कांदा घातलेलं ऑम्लेट आणि साखर घातलेला चहा ठेवला. साहेब क्षणभर कचरले. पण कँटीन दुसऱ्या विभागाच्या अखत्यारीत येत असल्याने तिथे त्यांचे आदेश लागू नव्हते. त्यांनी सगळं खाल्लं. वर आणखी एक ऑम्लेट मागवलं. आणि काय आश्चर्य! पोट गप्प. दुपारी गप्प, संध्याकाळी गप्प.

अंडं खाल्लं, कांदा खाल्ला, दूध, गहू, साखर, सगळं खाल्लं, तरी पोट शांत. आणि बायको घरी नाही. निष्कर्ष उघड होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण संन्यासी आधीच बहिणीकडे गेला होता.

पोट बरं झालं, पण घर खायला उठलं. जेवणाच्या टेबलाशी बसून साहेब उगाचच हूं हूं करून बघत, आणि समोर कोणीच काही सांगत नसे. विषुववृत्ताच्या प्रश्नाला कुठल्या मुलाने काय उत्तर दिलं, कोणी नकाशा उलटा टांगला, काहीच कळायला मार्ग नव्हता. एकदा तर ते रिकाम्या खुर्चीकडे बघून रडले. आणि मग त्यांनी हयातीत कधी न केलेली गोष्ट करायची ठरवली. पुनःस्थापना! अर्थात टप्प्याटप्प्याने. आधी चमचाभर बायको. रोज दहा मिनिटं, दारातूनच. पोटाने काही म्हटलं नाही तर हळूहळू प्रमाण वाढवायचं.

नवा शर्ट घालून ते मेहुणीकडे गेले. दार बायकोने उघडलं, आणि साहेब बघतच राहिले. गाल भरले होते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. आत मेहुणी आणि चक्क आहारतज्ज्ञ बाई जेवत होत्या, हसत होत्या.

“बरी आहेस?” साहेबांनी विचारलं.

“फारच! माझं ते जुनं डोकं दुखणं आठवतंय? रात्रीची जळजळ? सगळं गेलं हो. मीही केला तो आहार. नशीब माझं, मला एकच पदार्थ काढावा लागला.”

साहेबांनी घसा खाकरला. “तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा असतो, असं बाईच म्हणाल्या होत्या. परत आणायचा.”

“तेवढं मात्र खरं आहे,” बाई आतून म्हणाल्या. “बघा आणून.”

बायकोला त्यांची दया आली. माया काही अशी जात नाही. तिने त्यांना आत घेतलं, समोर बसवलं, पान वाढलं. साहेबांना भरून आलं. त्यांनी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि सवयीने विचारलं, “यात कांदा का घातला?”

बायकोच्या हाताची बोटं आपोआप कपाळाशी गेली. छातीत जळजळ सुरू झाली. आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे निकाल दिला. “आठवड्यातून एकदा. थोड्या प्रमाणात. आणि जेवणानंतर.”

तर वाचक हो, हसलात ना? हसा, हसणं पचनाला चांगलं. पण अलीकडे तुम्ही चारआठ दिवस बाहेरगावी जाऊन आलात, तेव्हा घरच्यांचे चेहरे जरा तजेलदार दिसले होते का? एकदा विचारून बघा. आणि “छे, आम्हाला अजिबात करमलं नाही,” हे उत्तर जरा जास्तच पटकन आलं, तर उगाच जेवणात काय घातलंय ते विचारू नका. मुकाट्याने जेवा.